मराठी टंकताना कळफलक अडकतो, माउस मात्र चालतो

लिनक्सवरील मराठी टंकनाविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांतील तक्रार वरवर पाहता एकच आहे, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. उत्तरांतील आज्ञा आणि नावे येथे नागरीत छापली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीत आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत टंकावीत.

प्रश्न : मी सांगलीत राहते आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे आणि लिब्रेऑफिस रायटरमध्ये मी आयट्रान्स पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरे दाबून मराठी टंकते. सध्याचे पुस्तक साडेतीनशे पानांचे असून सर्व मजकूर एकाच फाइलमध्ये आहे. काम रंगात आले की कळफलक अचानक अडकतो. कधी काही सेकंदांनी सगळी अक्षरे एकदम येऊन पडतात, तर कधी काहीच उमटत नाही आणि शेवटी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. त्यात दोनदा जतन न केलेली पाने गेली. माउस या सर्व काळात व्यवस्थित चालतो. एका परिचितांच्या सल्ल्यावरून मी आयबस या टंकन-व्यवस्थेबरोबर (दाबलेल्या कळांची मराठी अक्षरे करून देणाऱ्या कार्यक्रमाबरोबर) फायटिक्स ही दुसरी टंकन-व्यवस्थाही बसवली आणि त्यांनी दिलेल्या तीन ओळी 'डॉट प्रोफाइल' या फाइलमध्ये टाकल्या. त्यानंतर त्रास वाढला आहे. उबुंटू नव्याने बसवावे काय?

उत्तर : उबुंटू नव्याने बसवण्याची घाई करू नये. आपण वर्णन केलेले बिघाड एक नसून दोन आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे कोणताही उपाय लागू पडला किंवा नाही हे आपल्याला समजेनासे झाले आहे. अक्षरे उशिरा पण एकदम येऊन पडतात तो एक बिघाड, आणि अक्षरे कधीच येत नाहीत तो दुसरा. त्यांची कारणे बहुधा निराळी आहेत, म्हणून ते वेगवेगळे पाहू.

पहिल्यासाठी एक वही आणि घड्याळ पुरेसे आहे. पुढचे दोन दिवस कळफलक अडकला की केवळ वेळ टिपून ठेवावी. लिब्रेऑफिस मूळ मांडणीत दर १० मिनिटांनी कागदपत्राची तात्पुरती प्रत आपोआप जतन करते, आणि साडेतीनशे पानांची फाइल जतन होत असताना रायटरला कळांकडे पाहण्यास सवड नसते. त्या काळात दाबलेल्या कळा साठून राहतात आणि काम संपताच एकदम बाहेर पडतात. आपल्या नोंदींमध्ये साधारण १० मिनिटांचे अंतर दिसले, तर मराठी टंकनाच्या व्यवस्थेचा त्यात काडीचाही दोष नाही असे समजावे. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड अँड सेव्ह', 'जनरल' या मार्गाने गेल्यास ऑटोरिकव्हरीचा कालावधी दिसतो. तो परीक्षेपुरता ३० मिनिटे करून पाहावा. ही सोय कायमची बंद मात्र करू नये, कारण आपली पाने दोनदा गेली आहेत. पुस्तक प्रकरणवार वेगळ्या फाइलींमध्ये तोडून शेवटी मास्टर डॉक्युमेंटमध्ये जोडणे हा खरा उपाय आहे, आणि संपादकाकडे एकेक प्रकरण पाठवतानाही तो सोयीचा पडतो.

आता दुसरा बिघाड. आपण एक कळ दाबता तेव्हा तिची खबर प्रथम कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला लागते, तेथून ती पडदा सांभाळणाऱ्या कार्यक्रमाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत नोम शेलकडे जाते, नोम शेल ती आयबसला विचारते, आयबस ती एम१७एन या इंजिनाकडे सोपवते, इंजिन 'के' आणि 'ए' यांचा मिळून 'क' करायचा असे ठरवते, आणि हे उत्तर आल्या वाटेने परत येऊन शेवटी रायटरच्या खिडकीत अक्षर उमटते. (इंजिनाच्या नावातील १७ म्हणजे 'मल्टिलिंग्वलायझेशन' या शब्दातील पहिल्या एम आणि शेवटच्या एन यांच्यामधल्या अक्षरांची संख्या आहे, नाव ठेवणाऱ्यांची विनोदबुद्धी एवढीच.) आयबस २००८ च्या सुमारास पुढे आले आणि नोम या उबुंटूच्या डेस्कटॉपच्या २०१२ मध्ये आलेल्या ३.६ आवृत्तीपासून ते नोमच्या अंगातच बसवलेले आहे. या साखळीतील कोणताही एक दुवा उत्तर देईनासा झाला की आपल्याला 'कळफलक अडकला' एवढेच दिसते. माउसची वाट वेगळी आहे, तो आयबसकडे जातच नाही, म्हणून तो चालत राहतो. माउस चालतो आणि कळफलक चालत नाही हे आपले निरीक्षण त्यामुळे फार मोलाचे आहे. संगणक बंद पडलेला नाही, केवळ मधला एक कारकून टेबलावर डोके ठेवून झोपला आहे.

कोणता दुवा अडकला हे पुढच्या वेळी असे शोधावे. सर्वप्रथम माउसने रायटरच्या साधनपट्टीवरील जतन करण्याच्या चित्रावर टिचकी मारावी; रायटर जिवंत असेल तर मजकूर तेथल्या तेथे वाचतो, आणि पुढचे सर्व प्रयोग शांत मनाने करता येतात. नंतर कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा पाहावा. हा दिवा कळफलक स्वतःहून लावत नाही, संगणकाने सांगितल्यावर लावतो, त्यामुळे तो लागत-विझत असेल तर कळा निदान नोम शेलपर्यंत पोहोचत आहेत असे कळते. दिवा ढिम्म असेल तर कळफलक किंवा संपूर्ण यंत्रच अडकलेले असू शकते, आणि आयबसच्या मागे लागण्यात अर्थ उरत नाही. दिवा लागत असेल तर माउसने साध्या टेक्स्ट एडिटरची खिडकी उघडून तेथे टंकून पाहावे. तेथे अक्षरे उमटली तर दोष रायटरचा. तेथेही नाही उमटली तर दोष आयबसचा किंवा इंजिनाचा.

दोष आयबसचा आहे असे ठरले तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. काही लॅपटॉपवर त्यांच्यासोबत एफएन ही कळही धरावी लागते. समोर काळा पडदा येऊन नाव आणि परवलीचा शब्द विचारला जाईल. या पडद्याचा आयबसशी काहीही संबंध नसल्यामुळे येथे कळफलक चालतो. प्रवेश केल्यावर 'टॉप' ही आज्ञा द्यावी आणि आयबसच्या नावाने सुरू होणारी एखादी प्रक्रिया प्रोसेसरचा १०० टक्क्यांच्या आसपास वापर करीत आहे काय ते पाहून 'क्यू' दाबून बाहेर यावे. त्यानंतर केवळ इंजिन मारावे. त्याची आज्ञा अशी : 'पीकिल', मोकळी जागा, उणे चिन्ह आणि त्याला लागून 'एफ', मोकळी जागा, 'आयबस-इंजिन-एम१७एन'. यातील उणे एफ गाळू नये. इंजिनाच्या प्रक्रियेचे नाव रोमन लिपीत १६ अक्षरांचे आहे, पीकिल मात्र नावाची पहिली १५ अक्षरेच जुळवते; त्यामुळे उणे एफ नसेल तर आज्ञा संपते, पण काहीच मरत नाही, आणि 'हाही उपाय करून पाहिला' असे आपल्याला उगाच वाटते. आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून आपल्या कामाच्या पडद्यावर परतावे, आणि सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) व स्पेस या कळांनी एकदा इंग्रजीवर जाऊन पुन्हा मराठीवर यावे, म्हणजे इंजिन नव्याने सुरू होते. एवढ्याने भागले नाही तर त्याच काळ्या पडद्यावरून 'पीकिल आयबस-डेमन' करून पाहावे. लॅपटॉप बंद करण्याची वेळ त्यानंतर क्वचितच येते.

टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी उघडी असून तीत इंग्रजी टंकता येत असेल, तर 'आयबस रीस्टार्ट' ही दोन शब्दांची आज्ञा अधिक सोपी आहे. पण कळफलक अडकल्यावर तो सोडवण्याची आज्ञा कळफलकावरच टंकायची, ही अडचण सगळ्यांना येते. माझ्या स्वतःच्या संगणकावर मी या आज्ञेचे एक चित्र कार्यक्रमांच्या यादीत करून ठेवले आहे. घरच्या फोल्डरमधील 'डॉट लोकल', त्यातील 'शेअर', त्यातील 'ॲप्लिकेशन्स' या फोल्डरमध्ये 'डॉट डेस्कटॉप' या शेवटाची चार-पाच ओळींची एक फाइल ठेवली आणि तिच्या 'एक्झेक' या ओळीत 'आयबस रीस्टार्ट' लिहिले की झाले. मग ते चित्र खालच्या पट्टीवर टाचून ठेवता येते आणि माउसच्या एका टिचकीने आयबस पुन्हा उभे राहते.

आता त्या तीन ओळींविषयी. आपण त्या पत्रासोबत पाठवल्या हे बरे केले, कारण वाढलेल्या त्रासाचा धागा तेथेच सापडतो. जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स ही मोठ्या रोमन अक्षरांत लिहिली जाणारी नावे प्रत्येक कार्यक्रमाला 'टंकनासाठी कोणाला विचारायचे' हे सांगतात, आणि आपल्या फाइलमध्ये तिन्हींपुढे फायटिक्सचे नाव आहे. नोम मात्र आयबस स्वतः सुरू करते आणि टंकन-भाषांच्या सूचीतील मराठी त्याच्याकडूनच घेते. एकाच टेबलावर दोन कारकून बसवून काही कार्यक्रमांना एकाकडे आणि काहींना दुसऱ्याकडे पाठवण्याचा हा प्रकार आहे. फायटिक्स वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, पुढच्या उत्तरात मी त्याचीच बाजू घेणार आहे. पण नोमवर त्याची गरज नाही. त्या तीन ओळी काढाव्यात, 'लँग्वेज सपोर्ट' या खिडकीत टंकन-व्यवस्था म्हणून आयबस निवडावे, फायटिक्सची पॅकेजे काढून टाकावीत आणि बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. नंतर टर्मिनलमध्ये 'एन्व्ह' ही आज्ञा देऊन येणाऱ्या यादीत फायटिक्सचे नाव कोठेही उरलेले नाही याची खात्री करून घ्यावी. त्याचे रोमन स्पेलिंग एफ-सी-आय-टी-एक्स असे असल्याने उच्चारावरून शोधल्यास ते सापडत नाही. अशाच ओळी पूर्वी कधी 'डॉट एक्सप्रोफाइल', 'डॉट बॅशआरसी' किंवा 'ईटीसी' फोल्डरमधील 'एन्व्हायर्नमेंट' या फाइलमध्ये टाकल्या असतील तर त्याही पाहाव्यात; जुन्या सल्ल्यांचे अवशेष अशा ठिकाणी वर्षानुवर्षे पडून असतात.

आपण विचारलेले नाही, तरीही एक पर्याय सुचवतो. आपण दिवसभर टंकता, आणि दिवसभर टंकणाऱ्या माणसाने आयट्रान्सपेक्षा इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळफलक-मांडणी शिकावी असे माझे जुने मत आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या मानकात आलेली ही मांडणी लिनक्समध्ये दोन स्वरूपांत मिळते. नोमच्या 'इनपुट सोर्सेस'च्या सूचीत ज्या नावापुढे एम१७एन असे लिहिलेले असते ती इंजिनामार्फत चालते. 'मराठी (एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट)' असे लिहिलेली मात्र साधी कळफलक-मांडणी असते, जशी फ्रेंच किंवा जर्मन कळफलकाची असते. दुसऱ्या प्रकारात कळ आणि अक्षर यांची जुळणी पडदा सांभाळणारा कार्यक्रम स्वतःच करतो. आयबस पार्श्वभूमीवर चालू राहिले तरी मराठीसाठी एम१७एन इंजिन मधे येत नाही, त्यामुळे ते अडकण्याचा प्रश्नही येत नाही. याची किंमत थोडीशी आहे. या साध्या मांडणीत एका कळीने एकच चिन्ह उमटू शकते, म्हणून 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्या स्वतंत्र कळा मिळत नाहीत. 'क्ष' साठी के, डी आणि शिफ्टसह स्वल्पविराम अशा तीन कळा दाबाव्या लागतात. मराठी 'ळ' शिफ्टसह एन वर आणि 'दऱ्या'तील 'ऱ' शिफ्टसह जे वर नेहमीप्रमाणे असतोच. हाताला ही मांडणी बसायला काही आठवडे लागतात, तेव्हा हे पुस्तक प्रकाशकाकडे गेल्यावरच प्रयोग करावा.

प्रश्न : मी फोंड्याहून लिहीत आहे. माझ्याकडे केडीई प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप आहे, वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीचे सत्र आहे आणि फायटिक्स ५ वर मी मराठी टंकतो. काही खिडक्यांत मराठी येते, काहींत येतच नाही, आणि मधूनच एखादी खिडकी कळफलकाला प्रतिसाद देणे थांबवते. ती खिडकी बंद करून पुन्हा उघडली की सर्व ठीक होते. फायटिक्स मी संगणक सुरू होताना आपोआप सुरू होईल असे लावले आहे. हे योग्य आहे काय?

उत्तर : आपला प्रश्न आपल्या शेवटच्या वाक्यात आहे. प्लाझ्माच्या वेलँड सत्रात टंकन-व्यवस्थेला खिडक्यांशी सरळ बोलण्याचा अधिकार केविन हा पडदा-व्यवस्थापक देतो, आणि त्याने स्वतः सुरू केलेल्या व्यवस्थेलाच देतो. आपण फायटिक्स वेगळे सुरू करता तेव्हा ते चालते खरे, परंतु मागच्या दाराने. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या ठिकाणी जाऊन फायटिक्स ५ निवडावे. पडद्यावरच्या कळफलकाच्या नावाखाली ही निवड का ठेवली आहे हे कोड्यात टाकणारे आहे, आणि म्हणूनच ती कोणाला सापडत नाही. आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांच्या यादीतून फायटिक्स काढावे. वरच्या उत्तरात आलेल्या तीन नावांपैकी जीटीके आणि क्यूटी यांची दोन काढून टाकावीत, एक्समॉडिफायर्स तेवढे राहू द्यावे, कारण वेलँडपूर्वीच्या जुन्या एक्स पद्धतीचे जे कार्यक्रम अजून आपल्याकडे असतील त्यांना त्याची गरज लागते.

प्रतिसाद थांबवणाऱ्या खिडक्या बहुधा या जुन्या कार्यक्रमांच्याच असाव्यात. त्यांची बोलणी एक्सआयएम या करारानुसार होतात, जो एक्स पद्धतीच्या १९९४ मधील एक्स११आर६ या आवृत्तीपासूनचा आहे. या करारात कार्यक्रम कळ पाठवून उत्तराची वाट पाहत थांबू शकतो, आणि कार्यक्रम उघडा असताना टंकन-व्यवस्था मधेच बंद होऊन पुन्हा सुरू झाली तर तुटलेला दुवा पुष्कळ कार्यक्रमांना पुन्हा जोडता येत नाही. खिडकी बंद करून उघडली की नवा दुवा जोडला जातो आणि सर्व सुरळीत होते. आपल्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. म्हणून अशी खिडकी उघडी असताना फायटिक्स पुन्हा सुरू करू नये. क्रोमियमवर आधारलेल्या ब्राउझरमध्ये मराठी येत नसेल तर तो वेलँडवर चालत आहे काय, आणि त्याची वेलँडवरील टंकनाची सोय चालू आहे काय, हे पाहावे.

एवढे करूनही अडचण राहिल्यास 'फायटिक्स५-डायग्नोज' ही आज्ञा द्यावी. तिचा अहवाल लांबलचक असतो, पण कोणती जोडणी सापडली नाही हे तो स्पष्ट सांगतो. मदतीसाठी तो कोणाला पाठवण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावा, कारण त्यात आपल्या संगणकावरील खासगी तपशीलही येऊ शकतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात लिनक्स आहे आणि मुलांना इनस्क्रिप्ट शिकवले जाते. तासात एखाद्या मुलाचा कळफलक मधेच 'मरतो'. कळ दाबली तरी अक्षर येत नाही, मात्र रागाने कळ दाबून धरली की कधी कधी येते. कळफलक बदलून पाहिले, तरीही तेच. इंजिन अडकत असेल काय?

उत्तर : रागाने दाबून धरल्यावर अक्षर येते, ही आपण टिपलेली खूण निर्णायक आहे. काहीही अडकलेले नाही. हात थरथरणाऱ्या व्यक्तींसाठी लिनक्समध्ये 'स्लो कीज' नावाची सोय असते. ती चालू झाली की क्षणभर दाबलेली कळ मोजलीच जात नाही, थोडा वेळ धरलेलीच मोजली जाते. शिफ्ट ही कळ सुमारे ८ सेकंद दाबून धरली की ही सोय चालू होते, आणि पुन्हा तेवढाच वेळ धरली की बंद होते. इनस्क्रिप्टमध्ये महाप्राण अक्षरे आणि स्वतंत्र स्वर शिफ्टवर असतात. शिफ्ट धरून 'ख' कोठे आहे ते शोधत बसलेल्या नवशिक्या मुलाचे ८ सेकंद सहज होतात. त्या मुलाच्या कळफलकावर शिफ्ट ८-१० सेकंद धरून सोडावी, कळफलक तत्काळ पूर्ववत होईल. कायमचा उपाय म्हणून नोममध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आणि तिच्यातील 'टायपिंग' या ठिकाणी कळफलकावरून या सोयी चालू करण्याची जी मुभा असते ती बंद करावी. कक्षात एखाद्या विद्यार्थ्याला या सोयीची खरोखर गरज असेल तर त्याच्या खात्यापुरती ती चालू ठेवावी, आणि बदलून काढून ठेवलेले कळफलक पुन्हा वापरात घ्यावेत.